झाकून ठेवलेलं ताट

बारावीचा निकाल लागून गेला की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. सांधेदुखी आणि सुनेशी न पटणं मागे पडतं आणि पुण्याला पाठवायच्या मुलांची काळजी पुढे येते. या वेळच्या गठ्ठ्यात पाच पत्रं एकाच विषयाची निघाली: पुण्यातली लहान ख्रिस्ती कॉलेजं. ती एकत्र घेते.

नव्या वाचकांना सांगायला हवं, की मी अशाच एका कॉलेजात 27 वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली 19 वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. कॉलेजात चारशेच्या आसपास मुलं, वसतिगृहात साठेक मुली. वडील नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते, मी ख्रिस्ती घरात वाढले आणि आजही रविवारी देवळात जाते. आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. कॉलेजचं नाव मात्र घेणार नाही. नाव घेतलं की चांगलं सांगितलेलं जाहिरात वाटतं आणि वाईट सांगितलेलं चहाडी.

*

मुलीला मानसशास्त्रात बी.ए. करायचं आहे. मोठ्या कॉलेजात नंबर लागला नाही. पुण्यातल्या एका लहान ख्रिस्ती कॉलेजात वसतिगृहासह प्रवेश मिळतोय. मला ते आवडलं, पण आवारात चॅपल आहे. आमचं घर वारकऱ्यांचं, मुलीच्या गळ्यात माळ आहे. सासूबाई म्हणतात, पोरीला बाटवतील. मला रात्र रात्र झोप नाही. पाठवू का?
— एक आई, फलटण

ताई, सासूबाईंवर रागावू नका. पुण्यात ही भीती फार जुनी आहे. 1890 साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झालं होतं! चहा समोर आला त्या मंडळींत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. तिथलं पवित्र नाम देवालय अजून उभं आहे, उंच घंटाघरासकट. आता त्याच्याभोवती सगळ्या जातींची माणसं राहतात आणि एकमेकांकडे चहा पितात. तुमच्या सासूबाईंची आजी त्या काळातली असेल. भीती घरात अशीच उतरत येते.

पहिलं काम कागदाचं. प्रवेशाचा फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. 'संस्थेच्या सर्व कार्यक्रमांना उपस्थित राहीन' असं वाक्य त्यात असेल, तर त्यात उपासना धरली आहे का, हे कार्यालयात स्पष्ट विचारा. आपल्या संविधानाचं 28वं कलम सांगतं, की सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत कोणालाही स्वतःच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायला लावता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. मुलगी अजून 18 ची झाली नसेल, तर ती सही तुमची आहे. ख्रिस्ती समाजाला स्वतःची कॉलेजं काढायचा आणि चालवायचा हक्क देणारं 30वं कलमही त्याच संविधानात आहे. मला ही दोन्ही कलमं सारखीच प्रिय आहेत. चांगलं कॉलेज विचारल्यावर चिडत नाही. चिडलं, तर तिथून उठून या.

आता चॅपलमध्ये घडतं काय, ते सांगते. आमच्याकडे बुधवारी सकाळी आठ वाजता पंचवीस मिनिटांची उपासना असे. एक शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, एक प्रार्थना, दोन गाणी, एखाद्या प्राध्यापकाचं छोटं बोलणं. ख्रिस्ती नसलेल्या मुलींना सक्ती नव्हती, तरी निम्म्या येत. एका वर्षी पंढरपूरकडची एक मुलगी आली, तुमच्या लेकीसारखीच माळकरी. पहिले दोन महिने ती त्या वेळात खोलीत बसून हरिपाठ म्हणायची. मला ठाऊक होतं, मी कधी विचारलं नाही. मग एका बुधवारी ती दाराशी येऊन उभी राहिली. आत आम्ही 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा एक अभंग म्हणत होतो. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण कवितेतली ओवी आणि अभंग सोडले नाहीत. पेटी आणि तबल्यावर त्यांची भजनं आजही मराठी मंडळ्यांतून, म्हणजे चर्चच्या समुदायांतून, म्हटली जातात. गाणं संपल्यावर ती मला म्हणाली, "बाई, चाल आमची आहे."

मी म्हटलं, "हो, तुमचीच."

"मग टाळ का नाही?"

दिवाळीची सुट्टी संपवून परतताना तिनं घरून टाळ आणले. तीन वर्षं बुधवारी ती टाळ वाजवायची आणि रोज संध्याकाळी खोलीत हरिपाठ म्हणायची. शेवटच्या वर्षी तिनं मला सरळ विचारलं, "बाई, मी ख्रिस्ती व्हावं असं तुम्हाला वाटतं का?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, मला जे मिळालं ते माझ्या प्रत्येक माणसाला मिळावं असं मला वाटतं. पण तुला तुझ्या आईनं माझ्या हवाली केलंय, आणि हवाली केलेल्या लेकराच्या मनाला हात घालायचा नसतो. ती माळ घालूनच घरी गेली. अजूनही वारीला जाते, आणि पालखी पुण्यात मुक्कामाला आली की मला फोन करते.

सगळंच असं सुरेख नव्हतं. एकदा बाहेरून आलेल्या एका वक्त्यानं उपासनेच्या शेवटी मुलींना डोळे मिटायला लावले आणि 'ज्यांना प्रभू हवा त्यांनी हात वर करा' म्हणाला. मग डोळे उघडायला सांगितले. ज्यांचे हात खाली होते त्यांच्याकडे सगळ्या बघत होत्या. प्रथम वर्षाच्या दोघी रडल्या. मी त्याच रात्री प्राचार्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, हा माणूस पुन्हा आला तर मी राजीनामा देईन. तो पुन्हा आला नाही. तुमच्या मुलीला असं कोणी भेटलं तर तिनं कोणाकडे जायचं, हे आजच विचारून ठेवा. उत्तरादाखल माणसाचं नाव मिळायला हवं. 'आमच्याकडे असं होत नाही' हे उत्तर धरू नका.

पण ताई, मला खरं सांगायचंय ते निराळंच आहे. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, वाय-फाय विचारू नका. मेसमध्ये जा आणि ताटं वाढणाऱ्या बाईंना विचारा, "एखादी मुलगी जेवायला आली नाही, तर तुम्हाला कळतं का?"

आमच्या मेसच्या मावशी उशिरा येणाऱ्या मुलीचं ताट वाढून, वर दुसरं ताट पालथं घालून ठेवायच्या. त्याच्यावर खडूनं खोलीचा नंबर. रात्री साडेनऊला एकदा त्या माझ्या दाराशी आल्या. "बाई, चौदाचं ताट तसंच आहे." मी म्हटलं, बाहेर खाऊन आली असेल. मावशी म्हणाल्या, "आज शेवग्याची आमटी आहे. ती शेवग्याची आमटी सोडायची नाही." आम्ही वर गेलो. पोरगी तापानं फणफणलेली, रूममेट गावाला गेलेली, दाराला आतून कडी. खिडकीतून हाका मारमारून तिला उठवलं आणि रिक्षा करून रुग्णालयात नेलं. डेंग्यू निघाला. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं.

हजारभर मुलांच्या वसतिगृहात वाईट माणसं असतात असं नाही. तिथे शेवग्याची आमटी कोणाला आवडते हे लक्षात ठेवणं कोणाच्या हातात नसतं, एवढंच. लहान कॉलेज ग्रंथालयात कमी पडेल, प्रयोगशाळेत पडेल, कॅम्पस इंटरव्ह्यूला येणाऱ्या कंपन्यांत तर नक्की पडेल. पण मेसमधल्या बाईंनी मुलींची नावं घेऊन उत्तर दिलं, तर निर्धास्त पाठवा. आणि निघताना सासूबाईंना बरोबर घेऊन या. त्यांनी रेक्टरला स्वतः बघू दे.

*

औंध रस्त्यावरच्या स्पायसरला मुलाला घालायचा विचार आहे. शनिवारी सगळं बंद असतं, मेसमध्ये मटण-मासे नसतात आणि मुलांना काम करावं लागतं, असं ऐकलं. खरं आहे का?
— एक वडील, सांगली

ही संस्था सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची. 1942 पासून ती पुण्यात आहे. हा पंथ रविवारऐवजी शनिवार पाळतो, आणि तोही शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. म्हणजे डिसेंबरात शुक्रवारी सहाच्या सुमारालाच शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, लागतो. त्या वेळात अभ्यास, व्यवहार, खरेदी बाजूला ठेवायची असते. खाणं शाकाहारी. शिकताशिकता अंगमेहनतीचं काम करण्याची परंपरा तिथे सुरुवातीपासूनची आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. तिथल्या बेकरीचा ब्राउन ब्रेड आणायला आमच्या ओळखीची माणसं पार पेठांमधून सायकलवर जायची.

मुलाला आठवडाभर मटण नसेल तर तो जगेल. शनिवारी काय करणार, हे मात्र त्याला स्वतःला विचारा. ज्याला गप्प बसता येतं त्याला तो दिवस वरदान असतो, ज्याला येत नाही त्याला तुरुंग. फी, कामाचे तास आणि त्याबद्दल मिळणारी सवलत हे यंदाच्या माहितीपत्रकात बघा. कुठल्याही लहान कॉलेजात घालताना पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि तिला मान्यता कोणाची, हे लेखी घ्या.

*

मी श्रीरामपूर तालुक्यातला. वडील ऊसतोडीला जातात. पाळक व्हायचं म्हणून पुण्यातल्या एका सेमिनरीत बी.डी.च्या (धर्मशास्त्राच्या पदवीच्या) पहिल्या वर्षाला आलो. पदवी सेरामपूरची आहे. वर्गात केरळची, नागालँडची, मिझोरामची मुलं फडाफड इंग्रजी बोलतात. मी शास्त्रवाचनाला उभा राहिलो तेव्हा उच्चारावर दोघं हसले. ग्रीक सुरू झालंय. परत जावं असं रोज वाटतं. घरी काय सांगू?
— एक विद्यार्थी

बाळा, जय ख्रिस्त. घरी अजून काही सांगू नकोस. आधी हे वाच.

ज्या सेरामपूरचा शिक्का तुझ्या पदवीवर बसणार आहे, त्या गावाचं खरं नाव ठाऊक आहे का? श्रीरामपूर. हुगळीच्या काठचं, कोलकात्याजवळचं. इंग्रजांच्या तोंडी त्याचं सेरामपूर झालं. विल्यम कॅरे आणि त्याच्या सोबत्यांनी 1818 मध्ये तिथे कॉलेज काढलं, आणि 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजानं त्याला पदव्या देण्याची सनद दिली, कारण तेव्हा ते गाव डॅनिश लोकांकडे होतं. त्याही आधी, 1805 मध्ये, याच कॅरेनं मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं आणि 1810 मध्ये मराठीचा कोश, मोडी अक्षरांत छापलेला. जन्मानं इंग्रज, पूर्वी चपला शिवणारा माणूस पंडितांपुढे बसून आपली विभक्ती शिकत होता. त्याचे उच्चार काय धड असतील? पंडित मनात हसलेही असतील. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसला. तुझी पदवी त्या गावची आहे. मराठीची लाज घेऊन तिथे कसा उभा राहशील?

आता ग्रीक. ग्रीकपुढे सगळा वर्ग सारखा. केरळच्या मुलालाही अल्फा-बीटापासूनच सुरुवात करावी लागते, चोवीस अक्षरं त्यालाही गिरवावी लागतात. उलट तुझ्याकडे एक शिदोरी आहे जी फक्त इंग्रजीत शिकलेल्या मुलांकडे नसते. शाळेत 'स-ला-ते, स-ला-ना-ते' घोकलंस ना? नामाला प्रत्यय लागला की त्याचं रूप बदलतं, हे तुझ्या हाडात आहे. इंग्रजीत वाढलेल्याला 'लोगोस'चं (म्हणजे 'शब्द'चं) 'लोगू' का झालं हे समजायला महिना लागतो. तू म्हणशील, घोडा-घोड्याचा, तसंच की! आपण आठ विभक्ती शिकलो, नव्या कराराच्या ग्रीकमध्ये पाचच मोजतात. मी हे ऐकीव सांगत नाही. आमच्या कॉलेजात एक वृद्ध पाळक संध्याकाळी ग्रीक शिकवायचे आणि मी त्यांच्यापुढे दोन वर्षं बसले आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलं वाक्य मूळ ग्रीकमध्ये वाचता आलं त्या दिवशी मी घरी येऊन आईला मराठी शास्त्र उघडून दाखवलं: 'प्रारंभी शब्द होता.' तीन शब्दांत काय बसवलंय बघ. ते वाक्य तुझ्या भाषेत इतकं चपखल आहे, आणि उद्या ते तुझ्या तालुक्यातल्या माणसांना तूच समजावून सांगणार आहेस. ऊस तोडून आलेल्या माणसापुढे रविवारी कोणी इंग्रजीत उपदेश करत नाही.

पण इंग्रजी टाळून चालणार नाही, कारण पुस्तकं त्या भाषेत आहेत. रोज रात्री, दिवसातलं सगळ्यात अवघड गेलेलं व्याख्यान अर्ध्या पानात मराठीत लिही. जे मराठीत लिहिता आलं नाही ते समजलेलं नाही, एवढं ओळखायचं. दुसऱ्या दिवशी तेवढंच जाऊन विचारायचं, मोडक्या इंग्रजीत. शास्त्रवाचनाची पाळी असेल तेव्हा आदल्या दिवशी रिकाम्या चॅपलमध्ये उभा राहून पाच वेळा मोठ्यानं वाच. सोबत नागालँडच्या एखाद्या मुलाला घे. तो इंग्रजी बोलतो, पण ते त्याच्याही आईचं बोलणं नव्हे. त्याला मंडईत भाजी घ्यायला मराठी हवी आहे. तू त्याला 'पावशेर' शिकव.

आणि रविवारी पेठेतल्या एखाद्या जुन्या मराठी मंडळीत जा. तिथल्या आज्या तुला विचारतील, कुठला रे तू? तालुक्याचं नाव सांगितलंस की त्या चार नातेवाईक काढतील. तुझं सेमिनरी कोणतं ते तू लिहिलं नाहीस, पण पुण्यात सेमिनरीचं जग मराठीवाचून उभं राहिलेलं नाही. बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरीसुद्धा 1983 मध्ये यवतमाळहून इथे आलं आणि त्याची मुळं तिथल्या मराठी बायबल शाळेत आहेत.

जे दोघं हसले, त्यांच्याशेजारी आज जेवायला बस. काही बोलायची गरज नाही.

वर्षाच्या शेवटी नापास झालास तरी मला लिही. तेव्हा घरी काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.

*

मी एका लहान ख्रिस्ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. इथे प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं माहीत असतं. माझं एका मुलाशी होतं ते मोडलं. मी फक्त एका मैत्रिणीला सांगितलं. शुक्रवारच्या प्रार्थनागटात तिनं तो 'प्रार्थनेचा विषय' म्हणून मांडला, माझं नाव घेऊन. आता मेसमध्ये गेले की सगळे हळुवार आवाजात बोलतात. गुदमरतंय. मोठ्या कॉलेजात बदली घेऊ का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

फलटणच्या आईला मी वर ज्या गोष्टीचं कौतुक सांगितलं, तिचीच ही दुसरी बाजू आहे. ताट कोणी खाल्लं नाही हे जिथे कळतं, तिथे ते का खाल्लं नाही हेही चार दिवसांत सगळीकडे होतं.

प्रार्थनेच्या नावाखाली दुसऱ्याची गोष्ट चव्हाट्यावर मांडणं हे पाप आहे. मी हा शब्द सहज वापरत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूनं सांगितलंय, प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे. तुझ्या मैत्रिणीचा हेतू वाईट नसेल. पण गट चालवणाऱ्या व्यक्तीला एकटीनं भेट आणि सांग, "माझं नाव माझ्या परवानगीशिवाय घ्यायचं नाही, देवापुढेही गटात घ्यायचं नाही." एवढंच बोल. रडू आलं तर येऊ दे, पण वाक्य पूर्ण कर. आमच्याकडे असे दोन प्रसंग झाल्यावर मी नियमच केला होता, की प्रार्थनेचा विषय ज्याचा असेल त्यानं स्वतः मांडायचा, नाहीतर चिठ्ठीवर नाव न घालता लिहायचा. तुमच्या गटाला हा नियम सुचव.

मला या बाबतीत बोलायचा अधिकार कितपत आहे, तेही तुला कळायला हवं. रेक्टर झाल्याच्या चौथ्या वर्षी कोणीतरी मला येऊन सांगितलं, की दुसऱ्या वर्षाची अमुक मुलगी एका मुलाबरोबर संभाजी पार्कात दिसली. मी तिला काही विचारलं नाही. तिच्या वडिलांना फोन लावला. मला वाटलं, आपण जबाबदारी पार पाडतोय. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जीप घेऊन आले. अर्ध्या तासात सामान बांधलं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी वडिलांशी बोलत होते. रात्री मेसमध्ये गेले तर कोपऱ्यात एक ताट झाकलेलं. वर खडूनं तिच्या खोलीचा नंबर. मावशींना कोणी सांगितलंच नव्हतं. ते ताट मी उचललं, आणि तिथेच खाली बसले.

त्यानंतर पंधरा वर्षांत मी मुलीला समोर बसवून विचारल्याशिवाय एकाही घरी फोन केला नाही. ती मात्र परत आली नाही. तिच्या गावी दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. ते तिनं का द्यावं?

म्हणून बदलीचं म्हणशील तर, या सत्रात नको. दुखणं ताजं असताना जागा बदलली की ते जुन्या जागेच्या नावावर जमा होतं. सत्र संपल्यावरही असंच गुदमरत असेल, तर खुशाल जा. त्यात कसलाही कमीपणा नाही, काहींना गर्दीतच मोकळं वाटतं. तोवर पुण्यात एक जागा अशी शोध, जिथे तुला कोणी ओळखत नाही. माझी लक्ष्मी रस्त्यावरच्या पुणे नगर वाचन मंदिरात होती. 1848 पासूनचं ग्रंथालय आहे ते. दर गुरुवारी दुपारी मी तिथे जाऊन बसायची. दोन तास तिथे मी कोणाचीच रेक्टर नसे. तुझी जागा एखादा बसस्टॉप असेल, सारसबागेतलं बाक असेल. आठवड्यातून एकदा जा, आणि गेटच्या रजिस्टरमध्ये खरं ठिकाण लिहून जा.

त्या मैत्रिणीशी बोलणं टाकू नकोस. पण पुढची गोष्ट तिला सांगू नकोस.

*

आमच्या सोसायटीजवळच्या ख्रिस्ती कॉलेजात मणिपूर-मिझोरामची मुलं शिकतात. सुट्टीत घरी जाता येत नाही, म्हणून ती इथेच असतात. यंदा गणपतीत दोन मुलींना जेवायला बोलवावं असं मनात आहे. त्यांना चालेल का? प्रसाद घेतील का? त्यांचा किंवा आमचा अवमान तर होणार नाही ना?
— एक आजी-आजोबा, पुणे

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. जरूर बोलवा. सुट्टीतलं रिकामं वसतिगृह म्हणजे काय असतं, ते मी पाहिलंय. लांबच्या कॉरिडॉरमध्ये दोनच दिवे आणि मेसमध्ये दोनच ताटं.

नैवेद्य दाखवलेलं अन्न काही ख्रिस्ती मुलं खातात, काही खात नाहीत. बायबलमधल्या, पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय याच प्रश्नावर आहे, आणि दोन हजार वर्षं लोक तो आपापल्या परीनं वाचत आले आहेत. तेव्हा कोणी 'नको' म्हणाली तर तो तुमचा अवमान नाही, तिच्या मनाची खूण आहे. आरतीला उभ्या राहा असा आग्रह करू नका, आणि आत बसा असंही सांगू नका. त्या स्वतः ठरवतील. बोलावतानाच सांगा, की घरी गणपती आहे, आरती असते, तुम्ही जेवायला या.

जेवणात भात भरपूर करा, पोळ्यांची काळजी करू नका. तिखटाला घाबरू नका. आमच्या मिझोरामच्या मुली मावशींचा ठेचा मागून घ्यायच्या. नावं पहिल्याच भेटीत नीट विचारा, लिहून घ्या, दोनदा म्हणून बघा. 'तुझं नाव फार अवघड आहे' म्हणून तिला पिंकी करू नका. तिकडे काय काय खाता हो, असं हसून विचारू नका. घरी कोण कोण आहे, हे विचारा.

वेळ दुपारची ठेवा, त्यांना अंधार पडायच्या आत गेटवर पोचायचं असतं. गणपतीत रस्ते बंद असतात, बस वळवलेल्या असतात, त्यांना उशीर होईल हे धरून चाला.

आमच्या लहानपणी नगरला शेजारी एक काकू होत्या. गणपतीच्या दिवशी त्या मोदक उकडून झाले की नैवेद्याचं ताट वाढण्याआधी पाच मोदक वाटीत काढायच्या आणि वर झाकण ठेवून ती वाटी मागच्या दारानं आमच्याकडे द्यायच्या. "मास्तरांना सांग, अजून दाखवलेलं नाही." वडील ते मोदक तूप घालून खायचे. तुम्हीही तसंच करा. आधी चार मोदक बाजूला काढा, झाकून ठेवा. मुली आल्या की विचारा, कुठले हवेत.